आर्मस्ट्राँगचा पूर्व जर्मनीतला दौरा

कोणी कोणी म्हणतात की जॅझ बँडचा जर्मनी दौरा म्हणजे हॅम्बुर्ग, कलोन, म्युनिक, संपलं. पण माझ्या मते सगळ्यात मोठा दौरा बर्लिनच्या भिंतीपलीकडचा, कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतला होता, मार्च 1965 चा, अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँगचा. भिंत उभी राहून चारच वर्षं झालेली आणि हा 63 वर्षांचा माणूस आपल्या ‘ऑल स्टार्स’ बँडला घेऊन पूर्व बर्लिन, लाइपझिग, माग्डेबुर्ग, एरफुर्ट, श्वेरिन असा फिरला, पियानोवर बिली काइल, ड्रम्सवर डॅनी बार्सेलोना. आणि हा तोच देश हं, जिथे नाझींनी 1935 मध्ये रेडिओवर जॅझला बंदी घातली होती!

आता मला खरं सांगायचंय ते पूर्व बर्लिनच्या फ्रीडरिशश्टाट-पालास्ट थिएटरमधल्या रेकॉर्डिंगबद्दल. तिकडे अमेरिकेत सेल्मामध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपून दोन आठवडे झाले होते, पत्रकार त्यावर खोदून खोदून विचारत होते आणि आर्मस्ट्राँग परक्या भूमीवर आपल्या देशाविरुद्ध फारसं बोलायला तयार नव्हता. मग स्टेजवर त्याने ‘ब्लॅक अँड ब्लू’ घेतलं, काळ्या माणसाच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचं, 1929 पासूनचं त्याचं गाणं, पण इथे लय इतकी संथ, चेहऱ्यावरचं ते नेहमीचं हसू गायब, शब्द एकेक सुटा करून म्हटलेला. मी हेडफोन लावून किती वेळा ऐकलंय, दरवेळी घशाशी येतं. जे पत्रकारांना सांगितलं नाही ते सगळं त्यात आहे असं मला मनापासून वाटतं. व्हिडिओ मिळतो, जरूर बघा, आणि आधी 1929 चं ऐका म्हणजे फरक कळेल.