'रीसेट हार्ड मार, रिफ्लॉग आहेच' म्हणणाऱ्यांना

शाखामृग:
काल एका नवशिक्याने विचारलं, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) शेवटचे तीन कमिट (जतन केलेले बदल) नकोत, काय करू? लगेच छातीठोक उत्तर: 'गिट रीसेट --हार्ड मार, रिफ्लॉग आहेच.' अहो, ही कमांड शाखेला मागच्या कमिटवर नेते आणि फाइल्सही तशाच करून टाकते. रिफ्लॉगमध्ये, म्हणजे आपल्याच मशीनवर गिट ठेवतं त्या हालचालींच्या नोंदीत, कमिट सापडतात. कमिट न केलेल्या बदलांचं काय? त्यांच्या नावाने आंघोळच. निदान '--हार्ड'ऐवजी '--कीप' तरी सांगा, बदल पुसले जाणार असतील तर ते पुढे सरकतच नाही. आणि आधी एक शाखा (त्या कमिटांना धरून ठेवणारं नाव) काढून ठेवायला काय जातं?

निवांत:
तो सल्ला माझा. गिट ॲड केलेलं (पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवलेलं) असेल तर 'एफएसके --लॉस्ट-फाउंड' या हरवलेलं शोधणाऱ्या कमांडने मिळतं, उगाच घाबरवू नका. सुटे पडलेले कमिटही रिफ्लॉगमध्ये ३० दिवस असतात. महिनाभर ज्याची आठवण आली नाही ते नकोच होतं.

शाखामृग:
नवशिक्या एफएसके चालवणार! बरं, नव्या क्लोनमध्ये (सर्व्हरवरून उतरवलेल्या नव्या प्रतीत) तुमचा रिफ्लॉग येतो का?

खवचट:
पुश झालंय (कमिट सर्व्हरवर गेलेत)? रिव्हर्ट, म्हणजे ते बदल उलटवणारा नवा कमिट. नाही? काहीही करा. विषय संपला.

लॉगप्रेमी:
संपला कसा? रिव्हर्ट, रिव्हर्टचा रिव्हर्ट, 'फिक्स', 'फायनल फिक्स'... असला लॉग कोण वाचणार? मी सरळ इतिहास बदलून फोर्स पुश करतो, म्हणजे सर्व्हरवरचा इतिहास माझ्या इतिहासाने झाकतो.

खवचट:
आलात का! असाच एक स्वच्छताप्रेमी आमच्या टीममध्ये होता. मेनवर (सगळ्यांच्या मुख्य शाखेवर) फोर्स पुश मारला आणि सगळ्यांचं काम सर्व्हरवरून गायब. एकाने पुल केलं नव्हतं (सर्व्हरवरचं नवं आपल्याकडे ओढलं नव्हतं) म्हणून वाचलो. '--फोर्स-विथ-लीज' २०१३ पासून आहे हो, सर्व्हरवर आपण न पाहिलेलं काही असेल तर ते पुश अडवतं, वापरा की.

लॉगप्रेमी:
वापरतो. पण एडिटर परस्पर फेच करत असेल (सर्व्हरवरची ताजी स्थिती आणून ठेवत असेल) तर नुसत्या लीजचा उपयोग शून्य, हे ठाऊक आहे का? आणि मेनवर फोर्स पुश बंद ठेवलं नव्हतं, तो दोष माझा?

खवचट:
कुलूप नव्हतं म्हणून चोरी केली, असं म्हणताय.

लॉगप्रेमी:
चोर कोणाला म्हणता? जरा तोंड सांभाळा.

निवांत:
रिव्हर्टभक्तांनी एकदा मर्ज कमिट (दोन शाखा जोडणारा कमिट) रिव्हर्ट करून बघावं. नंतर तीच शाखा पुन्हा मर्ज केली की जुने बदल येतच नाहीत, आधी रिव्हर्टचाच रिव्हर्ट करावा लागतो.

खवचट:
मर्जपुरतं मान्य. तेवढंच.

शाखामृग:
कमिटमध्ये पासवर्ड असेल तर रिव्हर्टने काय होणार? इतिहासात तो तसाच दिसतो. आधी पासवर्ड बदला, मग भांडा.

निवांत:
बरं बाबा, पुढच्या वेळी '--कीप' सांगेन. वर शाखा, टॅग आणि सत्यनारायणही सांगेन.

लॉगप्रेमी:
'चोर' मागे घेतलं का कोणी?