लेखनाच्या तासाला मासिकातले लेख वाचलेत का? अनुभव लिहा

लेकीनं काल विचारलं, मासिकातल्या लेखावर प्रतिसाद लिहायचाय, म्हणजे सारांशच ना? आणि मला एकदम नववीतल्या बाई आठवल्या. कथा-कविता नाही, खरं घडलेलं असायचं, त्याच्या झेरॉक्स वाटायच्या. पेन्सिल घेऊनच वाचायचं, जिथे अडखळाल, पटणार नाही, तिथे समासात खूण. मग पानभर लिहायचं. लेखात काय आहे ते नको, ते मी वाचलंय म्हणायच्या, तू कुठे थांबलीस ते लिही. "लेख छान आहे" लिहिलं की खाली लाल शाईत 'कुठलं वाक्य?' त्या प्रश्नानं मला वाचायला शिकवलं. तुमच्याकडे कसं होतं?

निळी शाई : जॉन हर्सी या अमेरिकन पत्रकाराचा अणुबॉम्बवरचा लेख, हिरोशिमा!! न्यूयॉर्कर या अमेरिकन साप्ताहिकानं ३१ ऑगस्ट १९४६ चा अख्खा अंक त्या एका लेखाला दिला होता, हे सरांनी आधी सांगितलंच नाही, नुसतं वाचायला दिलं. सुरुवातीलाच एक बाई ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी बोलायला मान वळवतेय आणि बॉम्ब पडतो. बॉम्बमधून जिवंत राहिलेली सहा माणसं, त्यांचं काय झालं, बस. सर म्हणाले, लेखक स्वतः कुठे रडतोय ते शोधा. सापडेना. रडलो आम्हीच.

पानगळ : आमच्याकडे खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा, संपलं. हे वाचून हेवा वाटतोय खरंच

निळी शाई : @पानगळ अजून वेळ गेली नाही, पेन्सिल घ्या

खोडरबर : एस्क्वायर या अमेरिकन मासिकातला, गे टलीज या पत्रकाराचा गायक फ्रँक सिनात्रावरचा लेख, एप्रिल १९६६. सिनात्रा मुलाखत देईना म्हणून त्यानं आजूबाजूच्या माणसांना गाठलं, त्याला लांबून बघत राहिला आणि त्यातून माणूस उभा केला. मग आम्हाला गृहपाठ, घरातल्या कुणावर तरी लिहा पण त्याला स्वतःला काही विचारायचं नाही. मी आजोबांवर लिहिलं, आजी बोलायला बसली ती उठेचना, आजोबा पेटी वाजवायचे हे बाबांनासुद्धा माहीत नव्हतं!

पानगळ : अय्या पेटी! मग सोडली का?

खोडरबर : नोकरी लागली आणि सुटली, असं आजी म्हणाली

समास : मी आता शिकवते. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे लेखातलं वाक्य उतरवायचं, उजवीकडे आपलं म्हणणं. शिवाय प्रत्येक परिच्छेदापुढे लिहायचं की हे लेखकाला कळलं कसं, स्वतः पाहिलं, कुणी सांगितलं की कागदपत्रांतून. याचा फार उपयोग होतो, मुलं फॉरवर्ड आलेल्या मेसेजलाही हेच विचारायला लागतात. थांबा दूध ठेवलंय

दुपारचा चहा : थोडं वेगळं मत. आमच्या सरांना त्यांना हवा तोच प्रतिसाद लागायचा, लेखकाशी असहमत झालं की मार्क कमी. त्या वयात ते फार लागतं. लेख पटला नाही आणि का, हे सांगता येणं हाच तर प्रतिसाद ना?

समास : @दुपारचा चहा अगदी. माझ्या वर्गात न पटलेलेच कागद मी आधी वाचून दाखवते, पुरावा लेखातलाच द्या एवढीच अट

पानगळ : खोडरबर, आजोबांवरचं लिखाण टाका ना इथे

खोडरबर : वही आईकडे आहे, रविवारी जाणारे, फोटो काढून टाकते. अक्षर लागलं नाही तर विचारा