फोर्ड जीपीडब्ल्यूचा झिजलेला चासी नंबर वाचायचा कसा?

जुनीजीप_सांगली:
कागदपत्रांत गाडी फोर्ड जीपीडब्ल्यू (दुसऱ्या महायुद्धातली फोर्डने बनवलेली लष्करी जीप), १९४३ अशी आहे. चासीच्या डाव्या मेंबरवर (सांगाड्याच्या लोखंडी तुळईवर) वरच्या बाजूला 'जीपीडब्ल्यू' आणि पुढचे दोन आकडे दिसतात, बाकीच्या जागी गंजाचे खड्डे. एका टोकाला कुणीतरी ग्राइंडर फिरवल्यासारखं वाटतं. इंजिनवरचा नंबरही पुसट आहे. बॉनेटवर रंगाचे चार-पाच थर आहेत, त्याखालचा जुना लष्करी नंबरही वाचायचा आहे. विंटेज नोंदणीसाठी ठसा स्पष्ट हवा. मेकॅनिक सँडब्लास्टिंग करून घ्या म्हणतो. करू का?

स्पॅनर१३:
सँडब्लास्टिंग अजिबात नको. वाळूच्या माऱ्याने पंचाच्या (आकडे ठोकायच्या ठशाच्या) खुणांच्या कडा बोथट होतात आणि पृष्ठभागाची वरची कातडीच बदलते. मग पुढचे सगळे उपाय लंगडे पडतात. ग्राइंडरला लावायचा वायर कपही (तारेचा गोल ब्रश) याच कारणासाठी नको.

आधी चासी खरंच फोर्डची आहे का ते बघा. रेडिएटरखालचा आडवा मेंबर गोल नळीचा असेल तर ती विलीज एमबीची (विलीज कंपनीने बनवलेल्या तशाच जीपची) चासी. उलट्या यू आकाराचा चौकोनी असेल तर फोर्डची. हे महत्त्वाचं, कारण फोर्डने नंबर चासीच्या लोखंडातच ठोकला. विलीजने बंपरमागे, डाव्या मेंबरच्या आतल्या बाजूला छोटी पट्टी रिव्हेटने बसवली. पट्टी गेली की तिथे भोकं उरतात, आणि ॲसिड कितीही ओतलं तरी त्याखालून नंबर येणार नाही, तो तिथे कधी नव्हताच. तुम्हाला 'जीपीडब्ल्यू' दिसतंय ही चांगली खूण, तरी मेंबर तपासाच. दोन चासींचे तुकडे जोडलेल्या जीप आपल्याकडे कमी नाहीत.

इंजिन नंबरवर विसंबू नका. फोर्डच्या कारखान्यातून चासी आणि इंजिन एकाच नंबरचं निघायचं, पण लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिनं सर्रास बदलली जायची.

गंजखोर:
ग्राइंडर न लागलेल्या भागासाठी निम्मं काम नुसत्या साफसफाईत होतं. क्रम असा ठेवा:

जेलवालं पेंट रिमूव्हर लावा, वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवा, वीस मिनिटांनी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी पट्टी नको. नंतर थिनर आणि पितळी ब्रश.

गंजासाठी एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. नंबरच्या जागी टिश्यू पेपरची जाड घडी भिजवून ठेवा, वर प्लॅस्टिक, म्हणजे वाळणार नाही. दर अर्ध्या तासाने उघडून ब्रश मारा. रात्रभर ठेवून झोपी जाऊ नका, गंज संपल्यावर ॲसिड चांगलं लोखंड खायला लागतं. बाजारातली फॉस्फोरिक ॲसिडवाली गंजनाशकं या जागी मला पसंत नाहीत, त्यांचा करडा थर बारीक रेघा बुजवतो.

वाचताना अंधार करा आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या, कारण उभ्या रेघा एका दिशेने दिसतात, आडव्या दुसऱ्या. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने ठसा काढा.

धातुवेडा:
ग्राइंडर लागलेल्या टोकाबद्दल. थंड लोखंडावर पंच ठोकला की आकड्याच्या तळाखालचं लोखंडही दबतं आणि कडक होतं. वरचा आकडा घासून गेला तरी हा दबलेला थर शिल्लक असू शकतो, आणि ॲसिड त्याला आजूबाजूपेक्षा वेगळ्या गतीने खातं. सगळा खेळ एवढाच आहे. त्यामुळे जिथे वेल्डिंगचा थर चढवलाय तिथे आशा सोडा, उष्णतेने तो दाब निघून जातो.

आधी चुंबकीय तपासणी करून घ्या. औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग तपासणारे लोक योक (लोखंडाला चुंबकत्व देणारं हत्यार) आणि लोहकणांचा स्प्रे घेऊन येतात. याने धातूचं काहीच जात नाही, म्हणून ही पहिली पायरी.

नाही दिसलं तर फ्रायचं द्रावण, म्हणजे घासलेले आकडे उठवणारं ॲसिडचं मिश्रण. थोडंसंच बनवा: क्युप्रिक क्लोराइड ९ ग्रॅम, तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड १२ मिली, पाणी १० मिली. काचेच्या भांड्यात, ॲसिड पाण्यात घालायचं, उलट नाही. काम उघड्यावर, गॉगल आणि नायट्राइल हातमोजे घालून. वाफेने शेजारची हत्यारंसुद्धा गंजतात. क्युप्रिक क्लोराइड मिळत नाही म्हणून नुसतं मोरचुदाचं पाणी लावू नका, लोखंडावर तांब्याचा लाल थर बसेल आणि काहीच दिसणार नाही.

जागा लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासा: २२०, ४००, ६००, १०००. ग्राइंडरचे ओरखडे जातील एवढंच. जास्त घासलंत तर जो थर शोधताय तोच उडवाल. ॲसिटोनने तेलकटपणा काढा. प्लॅस्टिकच्या चिमट्यात कापूस धरून द्रावण एक-दोन मिनिटं फिरवा, पुसा, बघा, परत फिरवा. काही मिनिटांत दिसेल किंवा तास-दोन तास लागतील. आकडे तुकड्यातुकड्याने उगवतात आणि पुसटही होतात, म्हणून कॅमेरा स्टँडवर लावूनच सुरुवात करा. तपकिरी तांबूस थर आला तर ॲसिड कमी पडतंय.

शेवटी लिटरला ५० ग्रॅम खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग भरपूर साधं पाणी, कोरडं करून लगेच तेल. क्लोराइड राहिलं तर सकाळपर्यंत नवा गंज.

इंजिन ब्लॉक बिडाचा आहे. त्यावर हे द्रावण चटकन काळं पडतं, फार अपेक्षा नको.

ऑलिव्हरंग:
बॉनेटच्या बाजूंना साबणाचं पाणी आणि वॉटर पेपर, ६०० ने सुरुवात, नवा रंग दिसू लागला की १०००. कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. सुरुवातीचे अमेरिकी नंबर पांढरे नसून ऑलिव्हवर फिक्या निळसर रंगाचे असत, ते सहज निसटतात. पाव टनी जीपचा नंबर २० ने सुरू होतो. वर टोक असलेला बाण आणि दोन आकडी वर्ष दिसलं तर तो भारतीय लष्कराचा नंतरचा नंबर. 'एम' ने सुरू झाला तर ब्रिटिश. प्रत्येक थराचा फोटो घेऊनच पुढचा थर काढा, आणि बॉनेट दुसऱ्या जीपचं असू शकतं हे लक्षात ठेवा.

जुनीजीप_सांगली:
मेंबर चौकोनी आहे, म्हणजे फोर्ड. सायट्रिकने आणखी दोन आकडे आले, एक मात्र ३ की ८ कळत नाही. पंच घेऊन तो परत ठोकून गडद केला तर?

स्पॅनर१३:
हात लावू नका. परवानगीशिवाय ठोकलेला आकडा म्हणजे छेडछाड, गाडी तुमची असली तरी. नोंदणी प्राधिकरणाला फोटो आणि ठशासकट लेखी अर्ज द्या, निरीक्षक बघतील आणि ठोकायचा तर त्यांच्या लेखी आदेशानेच. विंटेजच्या नियमांत चासी आणि इंजिन मूळ स्वरूपात असणं अपेक्षित आहे, तिथे नवा पंच लगेच डोळ्यात भरतो.

धातुवेडा:
३ आणि ८ साठी डावी बाजू बघा. आकड्याच्या डावीकडे आडवा प्रकाश टाकून वरच्या आणि खालच्या गोलाची बाहेरची रेघ शोधा. ३ असेल तर तिथे सपाट लोखंड असेल. शेजारी स्पष्ट ३ किंवा ८ असेल तर त्याचा ठसा कागदावर काढून या जागेवर ठेवून ताडा, एका नंबरातले सारखे आकडे बहुधा एकाच पंचाचे असतात.