गेरचं लाइव्ह आणि ते दोन सेकंद

प्रश्न असा, रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावरून गेरचं, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचं, लाइव्ह देणारा वार्ताहर अँकरच्या प्रश्नानंतर नुसता मान का डोलावतो. तो गोंधळलेला नसतो, प्रश्न त्याच्या कानात अजून पोचलेला नसतो. ओबी व्हॅनचा (थेट प्रक्षेपणाच्या गाडीचा) सिग्नल सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला जाऊन खाली येतो. त्यात पाव सेकंद, वर एन्कोडिंगचा, म्हणजे चित्र-आवाज पाठवण्याजोगे आकसून घेण्याचा, वेळ. हल्ली मात्र बरेचदा पाठीवरची बॅग असते: चार-सहा सिमकार्डांवरून चित्र तुकड्यांत पाठवणारी. तिचा उशीर कॅमेरामनला कमी-जास्त करता येतो. एका सेकंदाच्या आत आणला की गर्दीत चित्र फुटतं, म्हणून दोनच्या पुढे नेतात.

गेरमध्ये खरी पंचाईत टॉवरची. प्रत्येकाच्या हातात मोबाइल सुरू. सगळी सिमं एकाच कंपनीची असतील तर बॅग असून नसल्यासारखी. कंपन्या मिसळायच्या आणि शक्यतो एखाद्या इमारतीचा वरचा मजला गाठायचा. रंगही कमी उडतो, हा वरचा फायदा!

दुसरी भानगड कानातल्या आवाजाची. स्टुडिओने वार्ताहराच्या कानात परत पाठवायच्या आवाजातून त्याचा स्वतःचा आवाज वगळायचा असतो. ते राहिलं तर स्वतःचंच वाक्य दोन सेकंदांनी कानावर येतं आणि जीभ अडखळते. मुरलेले लोक सरळ इअरपीस काढून वाक्य पूर्ण करतात.

आणि लेन्सवर गुलाल बसला तर ओलं फडकं अजिबात नको, लगदा होतो. आधी हवा मारणारा ब्लोअर, मग मऊ ब्रश. लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर (एक काच) लावलेला असला की ओरखडे त्याच्यावर जातात.