कैद्याच्या पत्राला विद्यापीठाने उत्तर द्यावे का?

मूळ लेख

जर्मनीत तुरुंगविषयक कायद्याची कागदपत्रे जमवणारा ‘श्ट्राफफोलत्सूग्सआर्खीफ’ नावाचा एक अभिलेखसंग्रह आहे. गुन्हेगारीशास्त्राचे प्राध्यापक योहानेस फेस्ट यांनी तो ब्रेमेन विद्यापीठात उभा केला आणि पुढे तो डॉर्टमुंडच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात गेला. निकाल आणि कायदे जपून ठेवण्याबरोबरच कैद्यांच्या पत्रांना उत्तरे देणे हेही तिथले काम आहे. विद्यापीठाने हे दुसरे काम करावे का, याविषयी मतभेद आहेत. माझे मत ‘करावे’ असे ठाम आहे.

तुरुंगात शिरलेल्या माणसाचे मूलभूत हक्क प्रशासनाच्या मर्जीवर राहतात, अशी जर्मनीत पूर्वी धारणा होती. एका कैद्याने बाहेर पाठवलेल्या पत्रात तुरुंगप्रमुखाविषयी अवमानकारक मजकूर होता म्हणून ते पत्र अडवले गेले, आणि त्याच प्रकरणात १४ मार्च १९७२ रोजी संघीय घटना न्यायालयाने सांगितले की, कैद्याच्याही मूलभूत हक्कांवर बंधन घालायचे असेल तर त्यासाठी कायदा हवा. तो कायदा १ जानेवारी १९७७ पासून लागू झाला. त्याच्या कलम १०९ नुसार कैदी तुरुंगाच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात अर्ज करू शकतो आणि या पहिल्या पायरीवर त्याला वकिलाची सक्ती नाही. मात्र निर्णय लेखी हाती पडल्यापासून दोन आठवड्यांत अर्ज दाखल व्हावा लागतो. रजा नाकारल्याचे पहारेकऱ्याने तोंडी सांगितले, तर तो नकार आधी लेखी मागून घ्यावा, आणि अर्जाला उत्तरच आले नाही, तर साधारणपणे तीन महिने थांबून न्यायालयाकडे जावे, हे कोठडीत बसलेल्या माणसाला कोणी सांगायचे? ज्यांच्या कपाटात हे सगळे निकाल लावून ठेवलेले आहेत, त्यांनीच सांगायला हवे.

प्रतिसाद १ (असहमत)

आपला हेतू चांगला आहे, पण निष्कर्ष पटत नाही. दोन आठवड्यांची मुदत आपणच सांगितली आहे. कैद्याचे पत्र तुरुंगातून निघणार, विद्यापीठात पोहोचणार, एखादा विद्यार्थी ते वाचणार, प्राध्यापक उत्तर तपासणार आणि ते पुन्हा टपालाने जाणार. एवढ्यात मुदत उलटून गेली, तर त्याची जबाबदारी कोणाची? वकिलाला व्यावसायिक उत्तरदायित्व असते आणि बचाव वकिलाचा पत्रव्यवहार तुरुंगाच्या तपासणीतून वगळलेला असतो. अभिलेखसंग्रहाच्या पत्राला ते संरक्षण आपोआप मिळत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. ज्यांना सल्ला द्यायचा त्यांच्यावरच संशोधन करायचे, हे अभ्यासकाला तटस्थ राहू देत नाही. लिहिणारा कैदी हा लिहिता येणारा, चिडलेला आणि चिकाटीचा असतो. जो गप्प बसतो, त्याची नोंद या संग्रहात कुठेच होत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

मुदतीचा धोका खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. तरी संग्रहाचे उत्तर आले नाही तर कैद्याकडे दुसरा वकील तयार असतो, असे आपण गृहीत धरले आहे. बहुतेकदा त्याच्याकडे कोणीच नसते. कायदेशीर सल्ल्याविषयीचा १९३५ चा कडक कायदा जाऊन २००८ मध्ये नवा कायदा आला, त्यात कायद्याच्या पात्रताधारक व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली विनामूल्य सल्ला देण्यास मुभा आहे. म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेले उत्तर जाणकाराच्या नजरेखालून जाणे हा कायद्याचाच भाग झाला.

पत्रे सर्व कैद्यांचे प्रतिनिधित्व करत नाहीत, हे मान्य. पण निकालपत्रे तरी कुठे करतात? कैदी खटला जिंकतो, निकाल छापला जातो, आणि वाचणाऱ्याला प्रश्न सुटला असे वाटते. प्रत्यक्षात काही तुरुंग न्यायालयाचा आदेश पाळतच नाहीत, हे फेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासून मांडले. आदेशानंतर काय झाले, हे केवळ निकाल वाचून कधीच कळले नसते. ते सांगू शकतो तो आत असलेला माणूस. आदेश न पाळणाऱ्या प्रशासनाला दहा हजार युरोपर्यंत सक्तीचा दंड करण्याची सोय कायद्यात २०१३ मध्ये झाली, म्हणजे कायदा लागू झाल्यावर तब्बल ३६ वर्षांनी. तटस्थ राहण्यासाठी पत्रे न उघडणाऱ्या अभ्यासकाला हा प्रश्न दिसलाच नसता, म्हणून मला ती तटस्थता अपुरी वाटते.

प्रतिसाद २ (अंशतः असहमत)

माझा विरोध विद्यापीठाला नाही, सरकारला मिळणाऱ्या सवलतीला आहे. २००६ च्या संघराज्य सुधारणेनंतर तुरुंगविषयक कायदे करण्याचा अधिकार राज्यांकडे गेला. न्यायालयात जाण्याची प्रक्रिया संघीय कायद्यात राहिली, पण भेटी, रजा, काम यांचे नियम सोळा राज्यांत विभागले गेले. इतका गुंता निर्माण करणाऱ्या व्यवस्थेनेच तो उलगडण्याचा खर्च उचलायला हवा. वरच्या न्यायालयात जाताना तर अर्जावर वकिलाची सही लागते, नाहीतर न्यायालयाच्या कार्यालयात तो नोंदवून घ्यावा लागतो. तिथे पत्राने दिलेला सल्ला पुरत नाही. विद्यापीठ विनामूल्य उत्तरे देत राहिले, तर सरकारी खर्चाने वकील देण्याची मागणी मागे पडते.

शिवाय एक प्रश्न कोणीच विचारला नाही. मदतीसाठी लिहिलेले पत्र संशोधनाचा दस्तऐवज होते, तेव्हा लिहिणाऱ्याची संमती घेतली जावी की नको?

धागाकर्तीचे उत्तर

संमती घेतलीच पाहिजे, आणि ती उत्तर देण्याची अट असता कामा नये. ‘पत्र जपू नका’ म्हणणाऱ्यालाही तितकेच काळजीपूर्वक उत्तर मिळायला हवे.

सरकारी खर्चाच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, पण ती मान्य होईपर्यंत उत्तरे थांबवणे मला मान्य नाही. कैद्यांच्या मजुरीचेच पाहा. बायर्न आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या राज्यांचे मजुरीचे नियम घटनाबाह्य असल्याचा निकाल घटना न्यायालयाने २० जून २०२३ रोजी दिला आणि नव्या नियमांसाठी ३० जून २०२५ पर्यंत मुदत दिली. न्यायालयाने ते नियम तोवर लागूच ठेवले होते. त्या दोन वर्षांत कारखान्यात काम करणाऱ्या कैद्याला ‘निकाल आमच्या बाजूने लागला, मग माझी मजुरी कधी वाढणार?’ हा प्रश्न पडणारच, आणि त्याला ‘वकील नेमला जाईपर्यंत थांबा’ असे कळवण्यात कोणाचे हित आहे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.