दोन्ही पर्याय चांगले असतील तर देवाची इच्छा कशी ओळखावी?

प्रश्न: दोन नोकऱ्या, दोन्हींत पाप नाही. बायबलमधल्या गिदोनाने लोकर पसरून दवाची खूण मागितली, तशी देवाकडे खूण मागावी का?

उत्तर १: नको. गिदोनाला देवाचं विजयाचं वचन आधीच मिळालं होतं (शास्ते ६:१६). लोकर त्याने शंकेपोटी पसरली. आधी बायबलमध्ये देवाची इच्छा म्हणून उघड लिहिलेलं पाहा: १ थेस्सलनीकाकरांस ४:३ पवित्रता, ५:१८ उपकारस्तुती (देवाचे आभार मानणं). खोटं बोलायला लावणारी नोकरी तिथेच बाद.

उत्तर २: आणि डोळे मिटून शास्त्र उघडून ओळीवर बोट ठेवू नका! संदर्भ तुटतो, मनात असतं तेच 'सापडतं'. याकोब १:५ प्रमाणे ज्ञान मागा, मग दोन-तीन प्रौढ विश्वासणाऱ्यांना विचारा (नीतिसूत्रे १५:२२). होला हो करणारे टाळा.

उत्तर ३: 'मनाला शांती वाटली' हाही पुरावा नव्हे. देवापासून पळणारा संदेष्टा योना जहाजात गाढ झोपला होता.