मदत हवी आहे: दरडप्रवण वाडीचा वरचा रस्ता पावसाआधी सुरू करून घ्यायचा आहे

नमस्कार मंडळी. आमची वाडी महाड तालुक्यात, डोंगराच्या उतारावर आहे. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, काम अजून व्हायचंय. रस्त्याची कामं, आपत्ती व्यवस्थापन किंवा कोर्टकचेरी यांचा ज्यांना अनुभव आहे त्यांचा सल्ला हवाय.

वाडीतून बाहेर पडायला दोन रस्ते. खालचा नदीकडे उतरतो आणि साकव ओलांडून महामार्गाला लागतो. वरचा सोंडेवरून पलीकडच्या गावात जातो. तिथल्या शाळेची इमारत पक्की आहे आणि निवाऱ्याची जागा म्हणून तीच ठरलेली आहे. मोठा पाऊस झाला की साकव सगळ्यात आधी पाण्याखाली जातो, म्हणजे खरी गरज पडते त्या रात्री आम्हाला फक्त वरचा रस्ता उरतो. गेल्या पावसाळ्यात अतिवृष्टीत नेमका त्याचाच मोरीजवळचा भराव खचला, संरक्षक भिंत वाहून गेली आणि निम्मा रस्ता दरीत उतरला. आता पायी जाता येतं, तेही उजेडी आणि धडधाकट माणसालाच. बाळंतपणाला निघालेली बाई असो की अंथरुणाला खिळलेला म्हातारा, झोळी करूनच न्यावं लागतं.

दर पावसाळ्यात वाडीला नोटीस येते: अतिवृष्टीचा इशारा मिळताच सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करा. नोटीस योग्यच आहे आणि आम्हाला ती पाळायची आहे. पण म्हातारीकोतारी, लहान मुलं आणि गुरं घेऊन रात्रीच्या पावसात जायचं कुठून?

ही भीती उगीच नाही. जुलै २००५ मध्ये याच तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवतेवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळियेत ८० हून अधिक माणसं गेली. त्या दिवशी सावित्रीच्या पुरात महाड शहरच बुडालेलं, वाटेत दरडी कोसळलेल्या, त्यामुळे मदत पथकं दुसऱ्या दिवशी पोचली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे गाडीरस्ता नव्हता, म्हणून पथकं डोंगर चढून गेली आणि जेसीबी वर नेता न आल्याने कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली. माळीण मला सारखं आठवतं. ३० जुलै २०१४ ला ते गाव नाहीसं झाल्याचं बाहेर कळलं ते एसटीच्या चालकामुळे. गावापर्यंत रस्ता होता, एसटी येत होती, म्हणून ते निदान कळलं तरी.

ग्रामसभेचा ठराव झालाय, अर्ज आणि फोटो दिलेत, वाडीतली सगळी घरं सोबत आहेत. उत्तर मिळतं की पूरहानीच्या प्रस्तावात काम घेतलंय, निधी आला की करू. शिवाय शेरा असा की वस्ती लहान आहे आणि पर्यायी रस्ता उपलब्ध आहे. तो पर्यायी रस्ता म्हणजे साकवाचा! कोरड्या दिवशी पाहणी केली तर तो उपलब्ध दिसणारच.

मुंबई मंडळातली मंडळी वर्गणी काढून खचलेल्या जागी माती-मुरूम टाकायला तयार आहेत. वाडीतल्या जाणत्यांचं म्हणणं, आपण हात लावला तर सरकारी काम रद्द होईल. तरुण म्हणतात, तोवर पाऊस येईल. २०२५ साली तर तो मे महिन्यातच कोकणात उतरला होता. दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतेय. वर्गणीचं काम करावं का? आणि हा रस्ता सोयीचा नाही, जीव वाचवायचा आहे, हे कागदावर कसं आणायचं?

प्रतिसाद

ताई, बांधकामात नोकरी झाली आहे, त्यावरून सांगतो. आधी रस्त्याचा क्रमांक शोधा. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर तो जिल्हा परिषदेचा, प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकामचा. क्रमांकच नसेल तर प्रस्ताव फिरत राहतो, निधी बसत नाही. वर्गणीतून माती टाकू नका. न दाबलेला भराव पहिल्या मोठ्या सरीत जाईल आणि उरलेला रस्ताही सोबत नेईल. भराव खचला तो पाण्याला वाट न मिळाल्याने, तेव्हा मोरी आणि डोंगराकडचं गटार मोकळं करणं हे तुमच्या हातातलं काम आहे, ग्रामपंचायतीला सांगून श्रमदानाने करा. आणि कुणी जेसीबी आणून डोंगराकडची बाजू कापून रस्ता रुंद करू म्हणालं तर ठाम नाही म्हणा. उताराचा पाया कापला की वरची दरड सुटते. मागणी लहान ठेवा: जाळीतल्या दगडांची भिंत आणि एका जीपपुरता रस्ता. डांबर पावसाळ्यानंतर मागा.

प्रतिसाद

अर्जातला ‘रस्ता दुरुस्ती’ हा विषय बदला. ‘स्थलांतर मार्ग बंद असल्याबाबत’ असं लिहा आणि अर्ज जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्या, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे जिल्ह्याचा आराखडा असतो, त्यात तुमच्या वाडीचा मार्ग कोणता धरलाय ते माहिती अधिकारात मागा. जिवाचा प्रश्न असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(१) नुसार ४८ तासांत माहिती द्यावी लागते, अर्जात तसं कारणासह लिहा. बचाव किंवा मदतीसाठी तातडीची गरज प्राधिकरणाला पटली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५० खाली निविदेची नेहमीची पद्धत बाजूला ठेवता येते, तेही नमूद करा. कोर्टाची वेळ आलीच तर १९८६ चा हिमाचल प्रदेश विरुद्ध उमेद राम शर्मा हा निकाल वाचा. अर्धवट राहिलेल्या रस्त्याबद्दल डोंगरी गावकऱ्यांनी हायकोर्टाला पत्र लिहिलं होतं, तेच याचिका मानलं गेलं. डोंगरी भागात रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मातीचं काम थांबवायला मंडळाला आजच कळवते, वर्गणी जाळी आणि दगडांसाठी राखून ठेवू. गटाराचं श्रमदान ग्रामपंचायतीला विचारून लगेच घेऊ. साकव पाण्याखाली गेल्याचे मागच्या वर्षांचे फोटो घरोघरच्या मोबाईलमध्ये आहेत, ते तारखेसह गोळा करून नव्या अर्जाला जोडते. कुणी आपल्या गावाचा स्थलांतर मार्ग जिल्ह्याच्या आराखड्यात नोंदवून घेतला असेल तर त्या अर्जाचा मसुदा इथे टाकाल का? नावं झाकून टाकलात तरी चालेल.